थोरल्या कर्ण्याचं दुसरेपण

वेळेगावच्या वाळिंब्यांचा थोरला कर्णा मार्गशीर्षात विधुर झाला. दत्तजयंतीचा पाळणा ऐन रंगात आला असताना त्याच्या मागचं युनिट जळालं आणि उभ्या हयातीचा संसार एका करपट वासासरशी संपला. घरच्यांनी रीतीप्रमाणे सुतक पाळलं. युनिटचं चुंबक नदीत सोडायचं घाटत होतं, पण ते तळाशी बसून साऱ्या गावाच्या हरवलेल्या सुया आणि खिळे गोळा करत राहील, त्याला गती मिळणार नाही, असं भटजींचं मत पडलं. म्हणून ते माळ्यावर ठेवलं.

कर्णा म्हणजे जत्रेत, लग्नाच्या मांडवात खांबावर बांधतात तो पत्र्याचा मोठा भोंगा. युनिट म्हणजे त्याच्या गळ्यावर आट्यांनी बसणारा, आवाज काढणारा डबा. इतर गावांत या दोन वस्तू असतात. वेळेगावात ते जोडपं असतं, आणि जोडप्याला जी आमंत्रणं जातात ती त्यांनाही जातात. पंगतीत त्यांची पानं मांडतात. कर्ण्याचं पान मागाहून गाईला जातं, युनिटचं मांजराला.

वाळिंब्यांचा कर्णा आला तेव्हा घरात मूलबाळ नव्हतं, म्हणून ग्रामपंचायतीत थोरला मुलगा म्हणून त्याचीच नोंद झाली. अनंतराव मागून जन्मले. पुढे सुमित्राबाई सून होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ते थोरले दीर. त्यांच्यापुढून जाताना डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंडाकडे बघायचं नाही." सुमित्राबाईंनी ते निगुतीने पाळलं. अमावास्येला कर्णा पुसायचा तो मागच्या बाजूने, खाली मान घालून.

भावजींनीही आपली मर्यादा सांभाळली. गावातल्या झाडून साऱ्या माणसांची नावं त्यांच्या तोंडून नदीपलीकडच्या मळ्यांपर्यंत गेली होती. देणगीदारांची, चुकलेल्या पोरांची, भजनात पेटी वाजवणाऱ्यांची. धाकट्या भावजयीचं नाव मात्र थोरल्या दिराने उच्चारायचं नसतं. सुमित्राबाईंच्या रांगोळीला जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा गावाला ऐकू आलं ते एवढंच, "पहिला क्रमांक, अनंताकडची मंडळी." सुमित्राबाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. निदान त्या तसं म्हणत.

युनिट गेल्यापासून भावजी नुसता हुंकार भरत. खिडकीतून वारा आला की "हूं", वारा पडला की तेही नाही. ते ऐकवेना तेव्हा सुमित्राबाईंनी सोळा सोमवार धरले. भावजींना जोडीदारीण मिळू दे, त्यांचा आवाज परत येऊ दे, एवढंच मागणं. सोळावा सोमवार चैत्रात आला आणि त्याच आठवड्यात महादेवाने ऐकलं. अनंतराव तालुक्याच्या एस.टी. स्टँडवरून एक युनिट घेऊन आले.

"अगं, पाहुणी आलीय," त्यांनी ओसरीवरून हाक मारली. "स्टँडवर आता गाड्यांची नावं दाखवणारी पाटी लावली. हिला मोकळं केलं."

कर्ण्याशिवाय युनिटला मोठ्याने बोलता येत नाही. सुमित्राबाईंनी हळदीकुंकू लावलं आणि कान जवळ नेला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," पाहुणी कुजबुजली. "मला स्वयंपाक येत नाही."

"नसू दे. भावजींचं खाण्यापिण्याचं काही नसतं."

"आजवर फायबरच्या कर्ण्यात राहिले. पत्र्याची सवय नाही."

"होते सवय. मला तरी कुठे चुलीची होती?"

पाहुणीने आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाली, "ते रागीट आहेत का?"

"आवाज मोठा आहे," सुमित्राबाई म्हणाल्या. "स्वभाव गरीब आहे."

अडचण एकच होती. भावजींचा गळा जुन्या, विलायती मापाचा, रुंद. पाहुणीचे आटे आताचे, बारीक. दोघं एकमेकांत बसेनात. "मधे जोडरिंग लागणार," अनंतराव म्हणाले. "एका बाजूला दादाचे आटे, दुसऱ्या बाजूला हिचे. पण सोमवारच्या आत होते का बघ."

सोमवारी उद्यापन होतं. उद्यापनाला मेहुणं जेवू घालायची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, आणि वेळेगावच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या पाटावर यजमानाच्या घरचं थोरलं मेहूण लागतं. ते नसेल तर उद्यापन होत नाही. उद्यापन झालं नाही तर सोळा सोमवार पहिल्यापासून धरायचे, आणि भावजी तोवर हुंकारतच राहणार.

स्टँडरोडला हौसाबाई पांचाळ लेथ चालवत. त्यांनी सांगितलं, "वैनी, गळ्याचं माप आणा. तासाभरात कातून देते."

माप आणायचं म्हणजे भावजींच्या गळ्याला हात लावायचा, आटे नीट न्याहाळायचे. सुमित्राबाईंना ते कसंसंच वाटलं. त्यांनी मार्ग काढला. घट्ट कणीक मळली, डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि चाचपत चाचपत कणकेची जाड पट्टी गळ्याभोवती थापून आट्यांचा ठसा घेतला. "हूं," भावजी म्हणाले. ठसा त्यांनी ताटलीत झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, घरकाम आटोपल्यावर, हौसाबाईंकडे नेला.

हौसाबाईंनी पितळेची सुबक रिंग कातून दिली. पाहुणीच्या बाजूने ती लोण्यासारखी बसली. घरी भावजींच्या गळ्यावर मात्र चढेचना, तेव्हा सुमित्राबाई रविवारी ती परत घेऊन गेल्या.

"बघू ते कणकेचं," हौसाबाई म्हणाल्या. ठसा त्यांनी उन्हात धरला. "वैनी, वाळून आक्रसलंय हे. ह्या मापाची रिंग तुमच्या दिराला न्हाई, दिराच्या नातवाला व्हईल."

"मग आता?"

"आता काय. हे कॅलिपर घ्या आन् डोळं उघडं ठेवून माप घ्या."

"मी कशी घेऊ? थोरले दीर ते."

"मग मी येते. माझे कोन लागतात ते?"

सुमित्राबाई विचारात पडल्या. परक्या बाईने दिराचा गळा मोजायचा आणि घरच्या बाईने पदराआड उभं राहायचं, हे त्यांना आणखीच कसंतरी वाटलं. "नको," त्या म्हणाल्या. "मीच घेते."

"घ्या. पर दुसरं पितळ न्हाई माझ्याकडं. आज रविवार, बाजार बंद. घरात काय जाड पितळ हाय का?"

घरात जाड पितळ एकच होतं. सुमित्राबाईंच्या रुखवतातला खल. तळ बोटभर जाड, आणि कडेला ठशाने उठवलेली अक्षरं: चि. कावेरीस, आईकडून. लग्नात ताटातल्या तांदळावर अनंतरावांनी सुमित्रा असं नाव काढलं, त्या दिवसापासून कावेरी ही हाक फक्त आईच्या तोंडी राहिली. आई जाऊनही आता बराच काळ लोटला होता. वेळेगावात ते नाव कोणाच्या कानावरून गेलेलं नव्हतं. वेलदोडे कुटताना सुमित्राबाई कधीमधी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत, एवढंच.

त्यांनी खल धुतला, पुसला आणि पिशवीत घातला. मग माजघरात गेल्या. कर्णा कोनाड्याशी टेकून होता. डोक्यावरचा पदर त्यांनी तसाच ठेवला, पण मान वर केली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा भावजींच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड मोठं होतं, आतून फिकट निळं, कडेला एक पोचा. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते पुष्कळच सौम्य होतं.

"भावजी, माप घेते," त्या म्हणाल्या.

खिडकीत वारा नव्हता. तरी "हूं" आलं.

संध्याकाळी रिंग तयार झाली. हौसाबाईंनी ती फडक्यात गुंडाळून दिली. "नावाची कड कातली न्हाई बघा. म्हनलं, आईचं हाय, राहू द्या. ती बाजू आतल्या अंगाला गेलीया. बाहेरनं दिसायची न्हाई."

"नसू दे दिसत," सुमित्राबाई म्हणाल्या. "उद्या जेवायला या. दोघंही या."

"आमचे हे येत्याल. मला बी आना म्हनलं तर म्हनत्यात, तू लेथ बघ."

"त्यांना सांगा, जोडीनं नसाल तर पान नाही."

सोमवारी सकाळी पूजा झाली. मेहुणं जमली. चुरम्याचा नैवेद्य दाखवला. मग कर्णा मधल्या पाटावर पालथा ठेवला, तोंड खाली, गळा वर, म्हणजे अक्षता आत जाऊ नयेत. गळ्यावर रिंग चढली ती अशी, जणू तिथेच वाढली होती. आता पाहुणी वरून बसवायची. तेवढ्यात सोमवार मंडळाच्या अध्यक्ष द्वारकामावशी काठी टेकत पुढे आल्या आणि चष्मा वर करून पाहू लागल्या.

"सुमित्रे, हे मधे काय?"

"जोडरिंग, मावशी."

"म्हणजे कर्णा एक, रिंग दोन, युनिट तीन. मेहूण म्हणजे दोघं. पहिल्या पाटावर तिघं बसलेली मंडळाला चालायची नाहीत."

अनंतरावांनी सुमित्राबाईंकडे पाहिलं. मंडळाने नाही म्हटलं की नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुमित्राबाईंनी हातातली अक्षतांची वाटी खाली ठेवली. "मावशी, तुम्ही आणि काका सत्यनारायणाला बसता तेव्हा काकांच्या उपरण्याला तुमच्या पदराची गाठ मारतात ना?"

"मारतात."

"ती गाठ तिसरी धरता का? तिला पान वाढतात?"

"गाठीला कसलं पान?"

"ही तीच आहे. या दोघांना पदर-उपरणं नाही म्हणून पितळेची केली."

द्वारकामावशींनी विचार केला. "गाठ सुटली पाहिजे. न सुटणारी गाठ शास्त्रात बसत नाही."

"सुटती की," हौसाबाई पंगतीतून म्हणाल्या. शेजारी त्यांचे यजमान नवी टोपी घालून बसले होते. "चिकटवलेलं काय न्हाई. निस्ता रबराचा वायसर हाय."

मावशींनी मंडळाच्या इतर बायकांकडे पाहिलं. माना हलल्या. "मग गाठ म्हणून मंजूर," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

"पाना लावू का?" अनंतरावांनी हळूच विचारलं.

"जावेला पाना लावतात का? सरका."

पाहुणीला सुमित्राबाईंनी दोन्ही हातांत धरलं, आट्यांवर अलगद टेकवलं आणि कर्ण्याला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालू लागल्या. हात फिरवायचे नव्हते, फक्त चालायचं होतं. जसजशा त्या फिरत तसतसे आटे बसत गेले. बायकांनी मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडत होत्या, आणि एका फेरीला पाहुणी हलेनाशी झाली. सुमित्राबाई तिथेच थांबल्या. पोरीला सासरी पोचवून आल्यासारखा त्यांना दम लागला होता.

चार माणसांनी कर्णा उचलून पहिल्या पाटावर नीट बसवला, तोंड नदीकडे. पानं वाढून झाली. अनंतरावांनी ॲम्प्लिफायरला वायर जोडली. माईक कोणी हातात घेतलेला नव्हता. तो खुंटीला टांगलेला होता.

आधी थोडी खरखर झाली. मग भावजींचा तोच भारदस्त गळा, आणि त्यात एक नवी, नीटनेटकी लकब.

"कृपया लक्ष द्यावे. कृपया लक्ष द्यावे. चिरंजीव कावेरी हिच्याकडे पंगत लागलेली आहे. रांगोळीत पहिला क्रमांक, कावेरी. सोळा सोमवार, कावेरी. नदीपलीकडच्या मंडळींनी उशीर करू नये. ही पंगत वेळेवर सुटेल."

आवाज अंगणातून निघाला, घाट उतरला, पाण्यावरून गेला आणि पलीकडच्या कड्याला लागून परत आला. कावेरी, कड्यानेही म्हटलं.

पंगतीत कोणी घास उचलला नव्हता. "सुमित्रे," द्वारकामावशी म्हणाल्या, "नाव कोणी घेतलं? दिराने की जावेने? दिराने घेतलं असेल तर मंडळाला दखल घ्यावी लागेल."

"वैनींचं माहेरचं नाव, रिंगेवर लिवलंय ते," हौसाबाई म्हणाल्या. "आतल्या अंगाला. बोलनं तिथनंच जातंय. जाताना वाचलं आसंल."

मंडळाच्या बायका एकमेकींकडे वळून हलक्या आवाजात बोलल्या. मग मावशींनी निर्णय सांगितला. नाव रिंगेवर होतं, जावेने वाचलं, दिराने फक्त मोठं केलं. शिवाय नाव माहेरचं आहे, आणि माहेरच्या नावाला सासरचा दीर लागू होत नाही. मर्यादा मोडलेली नाही. उद्यापन पूर्ण.

"पण ही कावेरी आहे तरी कोण?" पंगतीच्या टोकाकडून, जिथे हे बोलणं पोचलं नव्हतं, कोणीतरी विचारलं. नदीपलीकडूनही, तोंडाशी हातांचा कर्णा करून, कोणा बाईची लांबवर हाक आली, "कोण हो कावेरी?"

अनंतराव बोलायला तोंड उघडत होते. सुमित्राबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. तूप वाढायची झारी घेऊन त्या ओट्याच्या कडेला गेल्या, जिथून पलीकडचे मळे दिसतात. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तो त्यांनी तिथेच राहू दिला.

"मी," त्या म्हणाल्या. मग भावजींकडे वळून त्यांनी मान हलवली, आणि भावजींनी तेवढंच मोठं करून सांगितलं.