विरजणवाले भाऊ

आमच्या लेआऊटमधला एक माणूस रोज संध्याकाळी विरजण मागत फिरतो. हातात स्टीलची वाटी, अन् फाटकाशी ठरलेलं बोलणं. "चमचाभर विरजण आहे काय जी? अन् नाव काय म्हनलं तुमचं?"

मी सुमन. काल सुमन होते, परवाही सुमनच. पण ह्या भाऊंना रोज नव्यानं सांगा.

खरं सांगते, मी थकले आता. गुडघे उठू देत नाहीत. बडनेरा रोडच्या ह्या प्लॉटवर मुलानं घर बांधलं अन् तो पुण्याला निघून गेला. इथं सगळी घरं नवी, कंपाउंड उंच, दारं बंद. कोणाची गाडी कोणती ते कळतं, माणूस कोणता ते कळत नाही. त्यात ह्यांची रोज बेल.

शेजारची वैशाली म्हणते, "काकू, कालच्या दह्यातलंच विरजण नाही का लावता येत ह्यांना? एवढं दही जाते कुठं?"

एकदा मी विचारलंच. तर म्हणाले, "मी दही खात नाही जी. खोकला होते."

"मग विरजण काहून मागता?"

"असू द्या न. नाव काय म्हनलं?"

गेल्या आठवड्यात दोन दिवस वाटी आली नाही. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी विरजण काढून ठेवलं, वाट पाहिली, अन् एकटा राहणारा माणूस म्हणून शेवटी पाय ओढत त्यांच्या घरी गेले. हाक मारायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. दोन वर्षं हा माणूस माझं नाव विचारतोय, मी त्याचं एकदाही विचारलं नव्हतं. आम्ही सगळे 'विरजणवाले' म्हणायचो.

फाटकाची कडी वाजवली. भाऊ भिंत धरत बाहेर आले. अंगात ताप. दारातला कढीपत्ता मात्र माझ्या डोक्याच्या वर गेलेला. बुडाशी मातीवर दह्याचे पांढरे डाग. रोजचं दही तिथं जात होतं.

"थांबा, वैशालीच्या नवऱ्याला बोलावते. डॉक्टरकडे नेईल."

"अमोल," दाराजवळच्या खुर्चीत टेकत भाऊ म्हणाले. "अमोल नाव हाय त्याचं."

"पाठ आहे न? मग रोज काहून विचारता?"

त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "पातूरहून इथं आलो, चौथ्या दिवशी बायको न्हाणीत पडली. मी फाटकावर आलो. पन हाक कोणाले मारू? एकाचंही नाव मालूम नोतं. नुसतं अहो, अहो करत राहिलो. कोणाले वाटंन जी, आपल्यालेच हाक मारून राहिला?" मग म्हणाले, "वाटीशिवाय नाव विचारलं तर लोक येड्यात काढतेत."

मी अमोलला फोन लावला. गाडी काढतो म्हणाला. तेवढ्या वेळात मी भाऊंना पाणी दिलं अन् समोर बसले.

"नाव काय म्हटलं जी तुमचं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "देविदास."

"उद्या पुन्हा विचारीन," मी म्हटलं.