फेब्रुवारीतले एकतिसावे गृहस्थ

"या विभागात दरमहा बरोबर तीस व्यक्ती मृत्यू पावतात," असे जिल्ह्याच्या वार्षिक अहवालात छापलेले आहे. हे विधान सलग अकरा वर्षांच्या अहवालांत आढळते, आणि त्याला जोडून 'लोकसंख्येची अनुकरणीय शिस्त' असे शब्दही वापरलेले आहेत. या शिस्तीबद्दल मुख्यालयाने विभागाला एक मानचिन्ह दिले असून ते नोंदणी कार्यालयाच्या भिंतीवर, बंद घड्याळाशेजारी टांगलेले आहे.

मृत्यू शिस्त पाळत नाही, हे माणसाला लिहिता येऊ लागण्यापूर्वीच कळले होते. अहवाल लिहिणाऱ्यांना ते नंतरही कळले नाही. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यात तीस, तापाच्या साथीत तीस, आणि ज्या महिन्यात गावचा डॉक्टर कंटाळून मासे पकडायला गेला त्या महिन्यातही तीस. संख्याशास्त्राला हा चमत्कार वाटेल. प्रत्यक्षात ती छपाईची बाब आहे. मुख्यालयातून येणाऱ्या नोंदवहीत प्रत्येक महिन्याला एक पान असते, आणि एका पानावर तीस ओळी असतात.

हा शोध काटेवालीला सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, खिडकी क्रमांक दोनसमोर लागला.

काटेवाली म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या काटेवाल्यांची मुलगी. बाप फेब्रुवारीत गेला. त्याच्या हाताखाली बारा वर्षे काढलेली मुलगी आता एकटीच दुकान चालवत होती. पण परवाना अजून बापाच्या नावावर होता. वजनमापे खात्याने तिला नोटीस दिली होती: शुक्रवारी पाच वाजेपर्यंत परवानाधारकाचा मृत्यूचा दाखला द्यावा किंवा परवानाधारकाने स्वतः हजर राहावे, अन्यथा दुकानाला सील लावले जाईल. दोन पर्यायांपैकी पहिला तिला सोपा वाटला होता.

"वडिलांच्या मृत्यूचा दाखला हवाय."

"कधी वारले?" कारकुनाने विचारले. हा कारकून अकरा वर्षे त्या खिडकीत होता. त्याच्या कानावर नेहमी एक फूटपट्टी असे, म्हणून गाव त्याला पट्टीभाऊ म्हणे.

"एकोणीस फेब्रुवारीला."

पट्टीभाऊने हळहळून मान हलवली. "फेब्रुवारी फार भरला होता हो, ताई. त्रेचाळीस गेले. तीस बसले, तेरा राहिले."

"राहिले म्हणजे?"

"पुढे वर्ग केले. पुढच्या महिन्यात ओळ उरली की एकेक बसवायचा. पण ज्या महिन्याचे मयत, त्या महिन्यात त्यांना आधी जागा, असा आपला नियम. मार्च भरला, एप्रिल भरला. मे तर विचारू नका." त्याने एक वेगळी यादी काढली आणि पट्टी लावून पाहिली. "तुमचे वडील फेब्रुवारीतले एकतिसावे. म्हणजे प्रतीक्षायादीत पहिला नंबर. चांगली जागा आहे."

"ते सात महिन्यांपूर्वी गेले. मी तिथे होते."

"तुम्ही होतात, ताई. वही नव्हती."

"खाली दोन ओळी जास्तीच्या आखा ना. पट्टी आहे की तुमच्याकडे."

"एकदा आखली होती, पहिल्याच वर्षी. मुख्यालयानं विचारलं, मृत्यू वाढले का, खुलासा करा. आता माणसं का मेली याचा खुलासा मी कसा करू? तेव्हापासून कानाला खडा."

काटेवाली घरी गेली आणि आईला सगळे सांगितले. आईने ते दोनदा ऐकून घेतले.

"चाळीस वर्षं हा माणूस दुकानाची फळी वेळेवर उघडायचा," ती म्हणाली, "आणि आता सात महिने रांगेत उभा आहे. त्याला काय वाटत असेल?"

मंगळवारी काटेवाली पुन्हा खिडकीशी उभी राहिली आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीतही हलली नाही. तिच्यासमोर डबा खाणे अवघड झाल्यावर पट्टीभाऊने आवाज खाली आणला.

"एक मार्ग आहे. फेब्रुवारीत बसलेल्यांपैकी कुणी ओळ सोडली, तर तिथे वडिलांना घेता येईल. मोकळ्या ओळीवर मुख्य निबंधक मॅडमची सही लागेल, बस. तुमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याची आत्या तीन तारखेची आहे. त्यानं अजून दाखला नेलेला नाही."

बेकरीवाला ट्रेला तेल लावत होता. त्याने प्रस्ताव शांतपणे ऐकला.

"दाखला मला नकोच होता. आत्याच्या मागे एक रेडिओ आणि एक मांजर राहिलं. मांजराला कागद लागत नाही."

"मग सोडता का ओळ?"

"सोडतो. पण म्हणजे आत्या परत जिवंत होणार?"

"फक्त कागदावर."

"कागदावरच ना? नक्की?" त्याने हात पुसले आणि दाराकडे एकदा पाहून घेतले. "नाही, तिचा काही नेम नव्हता म्हणून विचारतो. गेली तेव्हासुद्धा मी दोन दिवस पाव तिच्या पद्धतीनंच कापत होतो."

त्याने लिहून दिले की, 'आत्याच्या मृत्यूवरील माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.' असा दस्तऐवज आजवरच्या कोणत्याही कायदेपंडिताला सुचला नव्हता. पट्टीभाऊकडे मात्र त्याचा छापील नमुना होता. त्याच संध्याकाळी त्याने मुख्यालयाला कळवले की, सदर वृद्धा जिवंत असून तिची नोंद नजरचुकीने झाली होती.

मुख्यालयात मृतांचे टेबल आणि जिवंतांचे टेबल वेगवेगळे आहे. मृतांच्या टेबलाने आत्याला जिवंतांच्या टेबलाकडे पाठवले. जिवंतांच्या टेबलाने तिची जन्मतारीख पाहिली आणि बुधवारी दुपारी पत्र आले: बेकरीवाल्याच्या आत्याने याच महिन्यात वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्याबद्दल मुख्य निबंधक गुरुवारी अकरा वाजता तिच्या घरी येऊन तिचा सत्कार करतील. ती हयात असल्याची खात्रीही तेव्हाच होईल, आणि मग फेब्रुवारीतील ओळ मोकळी झाल्याच्या कागदावर सही करता येईल.

थोडक्यात, काटेवाल्यांना मरता यावे यासाठी आता आत्याने घरी असणे आवश्यक होते.

पत्र घेऊन पट्टीभाऊ स्वतः काटेवालीच्या घरी आला. त्याने पाणी मागितले, ते प्यायला, आणि मग तो आईकडे बघत राहिला.

"काय बघतोस?" आईने विचारले.

"काकू, उद्या फक्त अर्धा तास. खुर्चीत बसायचं, गुडघ्यावर घोंगडी घ्यायची, काही बोलायचं नाही."

"मी एकाहत्तरची आहे."

"शंभराच्या मानानं तब्येत फार छान ठेवलीय तुम्ही."

"हिला सांगून ठेवते," आई मुलीकडे वळून म्हणाली, "मी गेल्यावर माझी नोंद याच्याकडे करू नकोस. हा मला यादीत मांजराच्याही खाली टाकेल."

पण शुक्रवार दोन दिवसांवर आला होता आणि मुलीने बापाची जुनी वजने पुसायला घेतली होती. सील लागले तर ती जप्त होणार होती. आई थोडा वेळ त्या वजनांकडे पाहत बसली. मग तिने विचारले, "घोंगडी कुणाची? मला टोचणारी चालत नाही."

गुरुवारी अकरा वाजता मुख्य निबंधक मॅडम एक छायाचित्रकार आणि चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र घेऊन बेकरीच्या मागच्या खोलीत आल्या. आई खुर्चीत होती; काटेवाली आणि पट्टीभाऊ दाराशी उभे होते. मांजर तिच्याकडे संशयाने पाहत होते. बेकरीवाल्याने तिच्याकडे एकदाही पाहिले नाही, पण तिला चहा देताना तो अकारण म्हणाला, "साखर कमीच घातलीय, आत्या."

"आजी," मॅडम वाकून, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "इतक्या दीर्घायुष्याचं रहस्य काय?"

काही न बोलण्याचे ठरले होते. परंतु आईला चाळीस वर्षांच्या संसारात कुणी असा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली नव्हती.

"रहस्य कसलं? मी फेब्रुवारीतच गेले होते," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला ओळ हवी होती, म्हणून मला उठवून बसवलंय."

मॅडमनी हातातला कागद पाहिला. "इथे अविवाहित लिहिलंय."

"ती अविवाहित होती. मी नाही."

यानंतर जे सांगायचे होते ते काटेवालीने सांगितले, एका दमात, न रडता. आणि सांगताना ती पट्टीभाऊकडे एकदाही वळली नाही. छायाचित्रकाराने एक छायाचित्र घेतले. त्यात पाच माणसे आणि एक मांजर आहे, आणि फक्त मांजर कॅमेऱ्याकडे बघते आहे.

सामान्य बुद्धीचा मनुष्य असे समजेल की, येथे प्रश्न सुटला. सामान्य बुद्धीची माणसे मुख्यालयात नेमली जात नाहीत. मॅडमनी प्रथम आत्याचा मृत्यू पूर्ववत केला. बेकरीवाल्याने सुटकेचा श्वास टाकला. त्याबरोबर फेब्रुवारीतले पान पुन्हा भरले आणि काटेवाले पुन्हा रांगेत गेले.

"म्हणजे तुम्हीही तीसच्या पुढे लिहिणार नाही?" काटेवालीने विचारले.

"लिहीन की. मुख्यालयाची मंजुरी लागेल."

"मुख्यालय म्हणजे तुम्हीच ना?"

"हो. पण मंजुरीचे अर्ज मी सोमवारी बघते."

"माझं दुकान उद्या बंद होईल."

"मला कळतंय तुमचं दुःख," मॅडम म्हणाल्या, आणि ते त्यांना खरोखरच कळत होते. फक्त त्यासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता. एक गोष्ट मात्र त्यांच्या अधिकारात होती. पट्टीभाऊने सर्व महिन्यांच्या नोंदींबाबत शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत लेखी खुलासा द्यावा, असा त्यांनी हुकूम केला.

शुक्रवारी कार्यालयाच्या बाकावर काटेवाली सकाळपासून बसली होती. शेजारी आई होती. आत पट्टीभाऊ लिहीत होता. एक वाजता त्याने लिहिलेले फाडले. दोन वाजता त्याने खिडकीतून बाहेर पाहिले. काटेवालीच्या मांडीवर बापाचा परवाना होता, आणि ती कडांवरून बोट फिरवत बसली होती. त्याने कानावरची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा लिहायला घेतले.

तीन वाजून दहा मिनिटांनी मॅडमनी खुलासा वाचला. मग त्यांनी दार लावून घेतले आणि तो पुन्हा वाचला. नंतर मार्च महिन्याचे पान मागवले, लाल शाईने तिसाव्या ओळीवरची नोंद छेदली आणि तिच्यावर बारीक अक्षरांत काटेवाल्यांचे नाव आणि एकोणीस फेब्रुवारी ही तारीख लिहिली. पावणेपाचला दाखल्यावर शिक्का पडला. वजनमापे खात्याचा माणूस सील घेऊन दुकानाशी उभा होता; त्याने दाखला वाचला, परवान्यावर मुलीचे नाव चढवले, आणि जाता जाता, आपला काटा दोन ग्रॅम जास्त दाखवतो, तेवढे पाहाल का, असे विचारले.

आई दुकानात बापाच्या स्टुलावर बसली. "लागला एकदाचा नंबर," ती म्हणाली.

पट्टीभाऊवर काय कारवाई करावी, याचा निर्णय मुख्यालयाला अद्याप घेता आलेला नाही. मृतांचे टेबल आणि जिवंतांचे टेबल यांच्यात त्यावर पत्रव्यवहार चालू आहे. त्याचा खुलासा येथे शब्दशः दिला आहे:

"मी सत्य लिहून देतो की, मार्च महिन्यात या विभागात एकूण एकोणतीस व्यक्ती वारल्या. तिसावी ओळ नियमानुसार काटेवाल्यांची होती. परंतु मार्चचे पान पूर्ण करण्याच्या दिवशीच माझ्या बदलीचा आदेश आला. बदली रद्द होण्यासाठी नियमात एकच कारण दिलेले आहे, ते म्हणजे कर्मचाऱ्याचा मृत्यू. सबब तिसाव्या ओळीवर मी माझे नाव लिहिले व प्रत मुख्यालयास पाठवली. बदली रद्द झाली. काटेवाल्यांच्या कन्या सोमवारी खिडकीशी आल्या, तेव्हाच हे सांगावयास हवे होते, हे मला मान्य आहे. परंतु त्या वेळी मी मृत होतो, आणि मृताने स्वतःहून बोलण्याची तरतूद मला सापडली नाही. त्यांची ओळ मी परत करीत आहे. मृत्यूनंतरचे सहा महिने मी एकही रजा न घेता रोज वेळेवर कामावर हजर राहिलो आहे, याची सहानुभूतीपूर्वक नोंद घ्यावी."