कुशाबांच्या डोळ्याची डिजिटल देखभाल

लालबागच्या चाळीत एकटे राहणाऱ्या कुशाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वेळच्या वेळी थेंब घाला, नाहीतर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. कुशाबांचा हात थरथरतो. त्यांनी स्वतः घातलेले थेंब मिशीवर पडत. म्हणून समोरच्या खोलीतल्या शांताबाई ते काम करत. चाळीत दिवसभर दार उघडंच असतं. जाता-येता त्या आत शिरत, कुशाबांची मान मागे टेकवत आणि थेंब सोडत. या कामामागे कोणतीही यंत्रणा नव्हती, ही गोष्ट वडाळ्याच्या टॉवरात राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, हितेंद्रला, फार लागली.

वडाळा लालबागपासून लांब नाही. पण भेटायला जाणं आणि काळजी घेणं या दोन स्वतंत्र सेवा आहेत, हे त्याला एका अ‍ॅपने पटवून दिलं होतं. त्याने वडिलांसाठी सर्वांत वरचं पॅकेज घेतलं. कंपनीने भिंतीवर कॅमेरा लावला आणि पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याने धोक्याचा इशारा दिला: 'अनोळखी स्त्री ज्येष्ठाच्या डोळ्यापाशी.'

कंपनीच्या समन्वयक ऋग्वेदा यांनी शांताबाईंना फोन केला.

"काकू, तुम्ही रजिस्टर्ड नाही आहात. आजोबांना हात लावायचा नाही."

"अगो बाय, मी लगीन होऊन इलंय तेव्हापासून ह्यांका वळखतंय. अनोळखी कसली?"

"ते सिस्टीमला दिसत नाही ना. तुम्ही रजिस्टर व्हा, मग बिनधास्त घाला थेंब."

शांताबाई रजिस्टर झाल्या. साडीवर कंपनीचा जांभळा टी-शर्ट चढला आणि त्यांना तत्काळ वडाळ्याची एक आजी देण्यात आली. कुशाबांकडे वडाळ्याहून अनुजा नावाची मुलगी येऊ लागली. ओळखीच्या माणसाला जिव्हाळा असतो, जिव्हाळा मोजता येत नाही आणि जे मोजता येत नाही त्याने सेवेचा दर्जा बिघडतो, असं कंपनीचं धोरण होतं. सुरक्षेसाठी दाराला फक्त अनुजाच्या फोनवरून उघडणारं कुलूपही बसलं.

अनुजा मनाने चांगली होती. पण तिची श्रेणी 'संवाद' होती, आणि थेंब 'उपचार' या श्रेणीत मोडत. तिला फक्त औषधाचा आजोबांसोबत फोटो काढण्याचा अधिकार होता.

"आजोबा, बाटली जरा गालापाशी धरा. हसा."

"अगो, ती डोळ्यात घालूक दिलेली हा."

"माहितीये हो. पण मी घातली तर माझा आयडी ब्लॉक करतात."

फोटो जाई आणि हितेंद्रच्या फोनवर हिरव्या अक्षरांत उमटे: 'औषध पूर्ण. ज्येष्ठ समाधानी.'

एकदा टॉवरच्या लिफ्टमध्ये हितेंद्रला शांताबाई भेटल्या.

"मावशी, तुम्ही इथे? मग बाबांचे थेंब?"

"ता तुझ्या अ‍ॅपाक इचार. खिडकीतून बघलंय मी, डोळो लाल झालोहा. एकदा जाऊन बघ रे बापाशीक."

हितेंद्र घाबरला. त्याने ताबडतोब फोन काढला. अक्षरं हिरवी होती. त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मजला आला आणि तो उतरला.

कुशाबांचा डोळा गेला. हॉस्पिटलात मुलाचा आवाज ऐकून त्यांनी पट्टी बांधलेला चेहरा वळवला.

"तू सोता इलंस? अ‍ॅप बंद पडला काय?"

हितेंद्रला रडू आलं. त्यामुळे त्याने कंपनीला चांगलंच फैलावर घेतलं. कंपनीने नम्रपणे कळवलं की तक्रार ज्येष्ठानेच करायची असते आणि ओळख पटवण्यासाठी त्याने कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही डोळ्यांची उघडझाप करायची असते. कुशाबांना ते जमलं नाही. 'ज्येष्ठाचे सहकार्य लाभले नाही' असा शेरा मारून तक्रार निकाली काढण्यात आली.

ही हकीकत मी बऱ्याच सज्जनांना सांगितली. सगळे हळहळले. असली मुलं असण्यापेक्षा नसलेली बरी, असंही म्हणाले. मग इकडेतिकडे बघत प्रत्येकाने आवाज खाली आणला: "आमचीही आई एकटीच असते हो. अ‍ॅप कुठलं म्हणालात?"

तुमच्याही मनात तेच आलं असणार. म्हणूनच मी नाव लिहिलेलं नाही.