काळी की रुपेरी, या निवाड्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. तिचे कृपेने राज्यातील चाके फिरतात आणि तिचेच कृपेने वेळेवर थांबतात, हे ध्यानी धरोन लिहिणाराने लेखणी उचलली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, मंदवासर, ते दिवशी राज्यात जो निवाडा जाहला त्याची हकीकत ऐसी की, श्रीमंत महाराजांची जुनी गाडी एकतीस वर्षे चाकरी करोन थकली, आणि चढावर खोकू लागली, आणि उतारावर खुद्द महाराजांस देवाचे नाव घ्यावे लागे. मग दरबारात ठरले की दसऱ्याचे सीमोल्लंघनास नवी गाडी पाहिजे, आणि ती ऐसी की शेजारच्या राज्यांनी तोंडात बोट घालावे. ही वार्ता फुटताच दोन विलायती कारखान्यांचे दोन वकील दोन गाड्या घेऊन दाखल जाहले. एक रुपेरी, एक काळी. दोन्ही लांब, ठेंगण्या, तुकतुकीत, आणि दोहोंचे पोटात सहासहाशे घोड्यांचे बळ. हे ऐकोन पागेच्या दारोग्याने दाण्याची सोय काय म्हणोन पुसले, त्यास समजावोन खाली बसविले. काळीचा वकील म्हणे, पापणी लवते तों आमची गाडी वाऱ्यास मागे टाकील. रुपेरीचा वकील म्हणे, आमचीही टाकील, वर तिला हाकणारा लागत नाही. ती आपणच पाहते, आपणच वळते, आपणच थांबते.

मग दरबारात दोन तट पडले. थोरले कारभारी विसाजीपंत रुपेरीचे, सेनापती हणगोजीराव काळीचे. एकाने पूर्व म्हणावे, दुसऱ्याने पश्चिम म्हणावे. श्रावण गेला, भाद्रपद गेला, आसनांचे कातड्यावर आठ दिवस आणि दिव्यांवर दहा दिवस खल जाहला, आणि ज्याने एकतीस वर्षे महाराजांस वाहिले त्या मानकोजी सारथ्यास कोणी एका शब्दाने विचारले नाही. उलट विसाजीपंतांनी मसुदा केला की, रुपेरी पसंत पडताच सारथ्याचे पद बंद, मानकोजीने घरी बसोन आराम करावा. तो मसुदा चौकात वाचला गेला आणि मानकोजीने गर्दीत उभा राहोन ऐकिला. पोटाची त्यास भ्रांत नव्हती, लेक कर्ती होती. परंतु सकाळी उठोन चाक हाती धरावयाचे नाही तर या हातांनी करावे काय, हे त्यास उमजेना. घरी बायकोपाशी इतकेच बोलला, “आराम करा म्हणत्यात. मेल्यावर हायेच की.” आणि जेवणावरून उठोन गेला.

निवाडा काही होईना, तेव्हां महाराजांनी आज्ञा केली की दसऱ्याचे दिवशी अर्धी वाट रुपेरीत आणि अर्धी काळीत बसोन शमीपर्यंत जाऊ, जी बरी ती ठेवू. दोन्ही वकील आपापली गाडी चालती करतील, आणि मानकोजीने अबदागिरी धरोन मागे पायी यावे. जुनी गाडी तोंवर चार विटांवर चढविली होती, आणि घोडे गावोगावच्या मिरवणुकांस भाड्याने गेले होते. विजयमुहूर्त टळला तर वर्ष बिनसीमोल्लंघनाचे जाणार, आणि पलीकडील राजे तर हसावयास दुर्बिणी लावोन बसलेले.

आता या राज्याची एक चाल सांगितली पाहिजे. ज्या सरदारावर महाराजांची मर्जी, त्याचे दारापुढे भर रस्त्यात एक स्पीडब्रेकर बांधोन द्यावयाचा. दरबारी नाव मानाचा उंचवटा. हेतु ऐसा की जाणारायेणाराने तेथे हळू व्हावे आणि दाराकडे पाहोन कोणाचे दार हे मनी आणावे. जितका मान मोठा तितका उंचवटा उंच. चावडीपलीकडे राजरस्त्यावर ऐसे नऊ होते, आणि विसाजीपंतांनी गेल्या पाडव्यास आपला आणखी वीतभर चढविला होता. दोन महिने गाड्यांचा खल करणारांपैकी एकाचेही ध्यानी रस्ता आला नाही.

मग महाराज रुपेरीत बसले, नगारा वाजला आणि गाडी निघाली. तों प्रजा आपल्या रीतीप्रमाणे रस्त्यात उतरोन मुजरे करू लागली. रुपेरीस मुजरा काय ठाऊक. कोणी पुढे आला की ती जागीच थांबे. तो बाजूस होई तों दुसरा लवे, आणि पुन्हा थांबे. वकिलाने नाना कळी दाबिल्या, गाडीने गोड आवाजात सांगितले की पुढे मनुष्य आहे. चावडीपर्यंत यावयास पाऊण तास गेला. महाराज घामाघूम होऊन उतरले आणि काळीत बसले. संगे सेनापती बसले, जोशीबुवा बसले, वकील चाकाशी बसला, आणि सेनापती म्हणजे एकटेच दोघांचे वजन. काळी गर्जना करोन सुटली ती थेट विसाजीपंतांचे दारापुढील उंचवट्यावर पोट टेकोन बसली. पुढची चाके पल्याड, मागची अल्याड, ना पुढे ना मागे. वकील गाडीची चारशे पानी पोथी काढोन वाचू लागला, आणि सेनापती विसाजीपंतांस म्हणाले हे तुमचे कारस्थान, आणि विसाजीपंत म्हणाले तुमचे वजन. जोशीबुवांनी घटका पाहोन डोक्यास हात लाविला.

तेव्हां मानकोजी अबदागिरी भिंतीशी टेकवोन पुढे जाहला. लोक म्हणाले, याचे आता काय काम. तो कोणाकडे न पाहता दार उघडोन म्हणाला, “सेनापती, उतरा. बुवा, तुम्ही बी. वकीलसायेब, पोथी घेऊन तुम्ही पन.” सेनापती रागे भरले, परंतु महाराजांनी नेत्रखूण केली आणि तिघे उतरले. गाडीने पोट वर घेतले. मग मानकोजी चाकाशी बसला, क्षणभर पायाखालचा जोर पारखून पाहिला, गाडी हळूच मागे घेतली, आणि एक चाक आधी, दुसरे मागोन, ऐसी तिरपी घालोन तो उंचवटा उतरला की महाराजांचे मांडीवरील आपट्याचे पान हलले नाही. पुढचे उंचवटेही तैसेच. एकतीस वर्षे प्रत्येक दारापुढे हळू होऊन कोणाचा मान कितपत उंच हे त्याचे अंगात मुरले होते. मुजरे करणारांस तो मान लववोन वाट मागे, आणि लोक हसोन वाट देत.

वेस ओलांडली, पुढे सरळ दोन कोस. मानकोजी बोलला, “सरकार, धरून बसा.” आणि मग त्याने त्या सहाशे घोड्यांस मोकळे सोडले. झाडे दिसेनात, मैलाचे दगड मोजवेनात, महाराजांची पगडी मागील आसनावर गेली, आणि महाराज लहान मुलासारखे हसू लागले. मानकोजीचे डोळे पाण्याने भरले. एवढे बळ आपल्या हातास उमगते आहे, हे हात अजून कामाचे आहेत, या आनंदाचे ते पाणी होते. शमीपाशी पोहोंचले तेव्हां मुहूर्तास पाव घटका शिल्लक. तोफा जाहल्या, सोने लुटले, सीमा ओलांडली, आणि पलीकडे दुर्बिणी भराभर खाली आल्या.

मग मागोमाग धापा टाकीत दरबार पोहोंचला, आणि त्या सर्वांदेखत महाराजांनी पुसले, “मानकोजी, आता तुम्हीच सांगा. कोणती ठेवावी?” दोन्ही वकील पुढे सरसावले. मानकोजी हात जोडोन बोलला, “सरकार, रुपेरी लई शहानी हाय, पर ती कुनाचंच ऐकत न्हाई. काळी अडली खरी, पर सांगितल्यावर ऐकली. जी ऐकती ती ठेवावी.”

महाराज काळीवर हात ठेवोन म्हणाले, “ही ठेविली. आणि सांगितल्यावर आम्ही तरी ऐकतो की नाही, तेही आजच पाहू. सरका त्या अंगास.” आणि पिढ्यान्पिढ्या ज्या घराण्याने चाकास हात लाविला नव्हता, त्यातील महाराज चाकाशी बसले. विसाजीपंत म्हणाले, यास आधार नाही. महाराज म्हणाले, आधार शेजारी बसला आहे. परतीचे वाटेने सारे राज्य दुतर्फा उभे राहोन पाहते, तों मानकोजी शेजारून शिकवितो आणि महाराज ऐकताहेत. वेशीपाशी महाराजांस जोर चढला आणि ते भरधाव निघाले, तोंच समोरून एक म्हातारी डोईवर गवताचा भारा घेऊन आडवी आली. मानकोजी म्हणाला, “थांबा.” आणि महाराज थांबले. म्हातारी पलीकडे गेली.

एवंच, काळी राहिली, रुपेरी आल्या वाटेने गेली, विसाजीपंतांचा मसुदा त्यांनीच फाडिला, आणि मानकोजी सारथी पद राखोन महाराजांचा गुरू जाहला. या राज्यात श्रीमंतांस पुढे चला म्हणणारे पुष्कळ होते. थांबा म्हणणारा त्या दिवशी पहिला जाहला.