बॅजरचा केस, अति महत्त्वाचा

दाढीच्या ब्रशातलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या लातुरात कुणाला कळत नाही! हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. माझ्याकडे धड ब्रश नाही, ती गोष्ट वेगळी.

मी शेषेराव. बारावीच्या पोरांना क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवतो. भूकंपानंतर क्लासच्या मालकांनी राहायला पत्र्याचं शेड ठोकलं होतं, मालक पक्क्या घरात गेल्यावर तिथंच क्लास भरू लागला. एका बॅचला दोनशे पोरं! वीस वर्षं मी नायलॉनच्या ब्रशनं दाढी केली. रोज गालावर तारेची घासणी फिरवल्यासारखं वाटायचं. आणि एका रविवारी गंजगोलाईच्या बाजारात, गुंडप्पांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात तो दिसला. काळीभोर मूठ, आणि केस बुडाशी पांढरा, मधे काळा, शेंड्याला पुन्हा पांढरा!

"बॅजरच्या केसांचा हाय, सर. परदेशी जनावर," गुंडप्पा म्हणाले. भूकंपात माल फुटल्यापासून त्यांनी ते कपाट भिंतीला तारेनं आवळून ठेवलं होतं. "तळहातावर दाबून बघा. टोचला तर माल भिकार. दबून तसाच पडून राहिला तर तोबी भिकार. मऊबी पाहिजे अन् उभाबी राह्यला पाहिजे!"

मी दाबला. वासराच्या कानासारखा मऊ! आणि सोडल्यावर ताठ उभा! मी तिथल्या तिथं विरघळलो.

"द्या बांधून, अप्पा."

"असा न्हाई देत." त्यांनी पितळी वाटी, साबण आणि एक साधा ब्रश पुढं सरकवला. "नवशिका दाबून दाबून आठ दिवसांत केस मोडून टाकतो. आधी ह्यानं फेस करा. वाटी उपडी केल्यावर फेस पडला न्हाई, की ब्रश तुमचा."

चार महिने मी दर रविवारी जात होतो. चार महिने दर रविवारी फेस माझ्या चपलेवर पडत होता! "चप्पल लई सोच्छ हाय बरं का, सर!" एवढंच अप्पा म्हणायचे. घरी मी सरावासाठी दिसेल ते भांडं घेत होतो. "अहो, शिऱ्याला साबणाचा वास कसा काय येऊन राहिला?" असं शिवकांतानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी शिरा संपवला.

पण माझं कुतूहल वाईट! केस खरोखर बॅजरचाच कशावरून? नव्या ब्रशातून एखाद-दुसरा केस गळतोच. तसा गळलेला एक केस मी अप्पांकडून कागदाच्या पुडीत मागून घेतला आणि थेट क्लासच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. पोरं समोर बसलेली होती, पण मला भान कुठलं!

"बघा! दाढीच्या ब्रशातला बॅजरचा केस! काय पट्टे आहेत, बघा!" मी ओरडलो. फळ्यावर लाल खडूनं चित्रही काढलं.

"सर, हे आयएमपी हाय का?" पहिल्या बाकावरच्या मुबश्शिरानं विचारलं. पोरगी मुदखेडची, होस्टेलला राहून शिकणारी, मोठी हुशार.

"माझ्यासाठी लई आयएमपी!" मी आनंदात बोलून गेलो.

आता लातुरात सरांनी एखादी गोष्ट दोनदा म्हटली, की पोरं वहीत चांदणी काढतात. लाल खडू वापरला तर दोन चांदण्या! दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात माझं केसाचं चित्र टांगलेलं होतं. तिसऱ्या दिवशी समोरच्या क्लासनं 'दाढीचा ब्रश : शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न' काढले. चौथ्या दिवशी शिवकांता म्हणाली, "अहो, दारात आठ पालक उभे आहेत. कोणता ब्रश घ्यावा म्हणून विचारताहेत!"

मी हात जोडले. "अहो, पेपरला दाढीचा ब्रश कसा येईल?"

"मागच्या साली गांडूळ येनार न्हाई म्हणले व्हते, सर," एकजण म्हणाला. "आलं!"

"सर लपवून राहिले," दुसरा कुजबुजला. आठही जण गंजगोलाईकडे पळाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीही पळालो!

गुंडप्पांच्या दुकानात नायलॉनचे ब्रश संपले होते. बूटपॉलिशचेसुद्धा संपले होते! काचेचं कपाट रिकामं, भोवतीची तार तेवढी उरली होती.

"अप्पा, माझा ब्रश?"

"गेला. मुदखेडचे अकरमभाई घेऊन गेले. पोरगी तुमच्याच क्लासात हाय."

"आणि तुमची अट?"

"सर, वाटी उपडी केली." अप्पांचा आवाज हळवा झाला. "फेस हलला न्हाई! मी खालून बोटानं टिचकी मारली. तरी न्हाई!"

"करतात काय ते?"

"बेकरी हाय. तीस वर्सं अंडी फेटून राहिले."

मी दुकानाच्या पायरीवर मटकन बसलो. खरं सांगतो, रडूच आलं. चार महिने ज्याच्यासाठी चपला धुतल्या, तो ब्रश अंडी फेटणाऱ्यानं पाच मिनिटांत नेला!

निकाल लागला. मुबश्शिरा मेडिकलला लागली आणि अकरमभाई तिला घेऊन, नानकटाईचा डबा घेऊन घरी आले.

"सर, तुमच्या मेहेरबानीनं पोरगी डाक्टर होऊन राहिली. गुंडप्पानं सांगितलं, तुमचा जीव ह्याच्यात व्हता म्हणून. पयले कळलं असतं तर घेतलाच नसता!" त्यांनी एक डबी माझ्या हातात ठेवली.

डबी उघडली. तीच काळीभोर मूठ! आणि मुठीच्या वर साफ टक्कल! तीन केस उभे होते.

"आता काय सांगू, सर," अकरमभाई खाली बघत म्हणाले. "ब्रशात केस हजारो, अन् लातुरात पोरंबी हजारो. जो आला त्याला पोरीनं एकेक काढून दिला. ना कसं म्हणनार?"

"असू द्या," मी डबी मिटली. "पेपरला तरी आला का ग, बॅजर?"

"न्हाई, सर," मुबश्शिरा म्हणाली. "गांडूळच आलं."

ते गेल्यावर मी ब्रश गालावर टेकवून पाहिला. तीनच केस, पण काय मऊ होते म्हणून सांगू! मनात आलं, हे तरी बॅजरचेच आहेत ना? की कुणी पोरानं मधेच बदलले?

राहवलं नाही. क्लासात जाऊन मायक्रोस्कोपखाली धरून खात्री केली. अस्सल बॅजर!

त्यासाठी एक उपटावा लागला. आता दोन आहेत.