खैरनार सरांचे लाल देश

साल २००३, जानेवारीतला एक रविवार. रक्कम तीनशे रुपये, नाशिक ते त्र्यंबकेश्वर जाऊन-येऊन रिक्षाभाडं. हजर: मी, माझी पत्नी सुनंदा, आमच्या खालच्या मजल्यावरचे खैरनार सर आणि रिक्षावाला. भाडं ठरून बराच वेळ झाला तरी रिक्षा हलत नव्हती, कारण सर रिक्षावाल्याची तोंडी परीक्षा घेत होते.

"वाटेत दवाखाना कुठे? ओळखीचं कोण? ही बंद पडली तर परत कसं यायचं?"

"काका, देवाला चाललोय ना आपण?"

"देवळापर्यंत पोचलो तर!"

शेवटी रिक्षावाल्याचा साडू वाटेवरच महिरावणीला राहतो असं निघालं, तेव्हा कुठे सर आत बसले.

सर कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि विद्यापीठाच्या एका समितीवर होते. विद्यार्थी शिकायला परदेशी निघाला की तो देश कितपत धोक्याचा, हे ती समिती ठरवायची. बिनधास्त जावं तो हिरवा, जपून जावं तो पिवळा, गोळीबार आणि बॉम्ब असतील तो लाल. सर स्वतः हैदराबादच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण समितीवर आल्यापासून त्यांना दुसऱ्या कुठल्या नजरेनं जगाकडे बघताच येईना. शिफ्ट सुटतानाचं सातपूर पिवळं. कांद्याच्या लिलावाच्या दिवशीचं विंचूर लाल. सुनंदाच्या मिसळीला त्यांनी एकदा पिवळा शेरा दिला, वर म्हणाले, "लिंबू पिळल्यास पुनर्विचार करता येईल."

वहिनी गेल्यापासून सर एकटेच होते. मुलगा संजय कॅनडात.

आमची मंजिरी तेव्हा कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. ठिबक सिंचन शिकायला सहा आठवडे इस्रायलला जाण्यासाठी तिची निवड झाली. दिंडोरीजवळची आमची दोन एकर द्राक्षबाग टँकरच्या पाण्यावर जगत होती, त्यामुळे पोरगी हट्टालाच पेटली होती. खर्च तिकडचे लोक करणार होते. अडचण एकच. इस्रायल तेव्हा लाल होता, आणि लाल देशाला सरांच्या सहीशिवाय जाता येत नव्हतं.

"नाही," सर म्हणाले. "राजस्थानात जा, पोरी. वाळवंट तिथंही आहे."

"सर, दवाखाना शेताच्या फाटकाला लागून आहे."

"ओळखीचं कोण?"

"रिबेकामावशी पेणकर. मूळच्या अलिबागकडच्या ज्यू. कित्येक वर्षं तिथं आहेत, पण घरात अजून मराठी बोलतात. आमच्या कॉलेजातल्या बाईंच्या माहेरच्या शेजारी."

सर जरा डळमळले. "आणि परत कसं यायचं?"

"विमानानं. तिकीट दोन्हीकडचं आहे."

एवढ्यानंही भागलं नाही. नियम असा होता की लाल देशातल्या विद्यार्थ्यानं रोज संध्याकाळी आठला विद्यापीठाच्या एका जबाबदार माणसाला फोन करायचा. त्या माणसानं फोनपाशी हजर राहायचं. हा जबाबदार माणूसच मिळेना. समितीतल्या एकाला रक्तदाब होता, दुसऱ्यांची आठला मालिका असायची, आणि तिसऱ्यांनी आपल्याकडे फोनच नाही असं सरांना फोनवर सांगितलं. माणूस नाही तर परवानगी नाही. मंजिरी दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी सर वर आले. "मी बसतो," एवढंच म्हणाले आणि खाली गेले.

ते खरोखरच बसले. साडेसातपासून, इस्त्रीचा शर्ट घालून. फोन अर्ध्या मिनिटाचा असायचा. "सर, मी ठीक आहे." "हिरवं?" "हिरवं." मग सर वर येऊन ते अर्धं मिनिट आम्हाला चहासोबत अर्धा तास सांगायचे.

एका संध्याकाळी साडेआठ झाले तरी फोन नाही. सर अनवाणीच वर आले. घाबरले की त्यांची सटाण्याकडची अहिराणी बाहेर पडायची. "पोर कोठे शे? आं? पोर कोठे शे?"

"येईल हो," मी म्हणालो. पण सरांच्या आधी मीच जिना उतरलो.

मी, सर आणि मागोमाग सुनंदा खाली पोचतो तोच फोन वाजला. पलीकडचा बाईचा आवाज एवढा खणखणीत होता की आम्हा तिघांनाही ऐकू आला.

"अहो सर, मी रिबेका. पोरगी माझ्याकडं आहे. आज आमच्यात मलिदा केलाय, गोड पोह्यांचा. प्रार्थना संपेपर्यंत उठायचं नसतं, म्हणून उशीर झाला. तिला रागवू नका हां!"

सरांनी बाहीनं कपाळ पुसलं. "पोह्यांत नारळ घातलाय?"

"घातलाय की, भरपूर."

"मग हिरवं," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

सुनंदानं त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा टाकला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "संजयचा फोन किती वाजता असतो?"

"कॅनडा हिरवा आहे."

"म्हणजे?"

"रोजच्या फोनचा नियम फक्त लाल देशांना. हिरव्यांना सूट आहे." सरांनी फोनवरचं विणलेलं झाकण सरळ केलं. ते वहिनींनी विणलेलं होतं.

मंजिरी सुखरूप परतली. तिनं बागेत ठिबकच्या नळ्या टाकल्या आणि पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. ती गेली त्याच संध्याकाळी सर तणतणत वर आले.

"फोन केला तिनं मला! पुण्याहून! मी म्हटलं, पुणे हिरवं आहे, नियमात बसत नाही. तर म्हणते कशी, सर, तुम्ही इथले दुचाकीवाले बघितले नाहीत, तातडीनं लाल करा."

"मग केलंत का?" सुनंदानं विचारलं.

"असं कसं करता येईल? बैठक घ्यावी लागते."

बैठक आमच्या दारातच उभ्याउभ्या झाली. सदस्य तीन, हरकत कुणाचीही नाही.

तेव्हापासून मंजिरीचा फोन आमच्याकडे येत नाही. खुशाली घेऊन सर वर येतात. रोजच्या फोनचे महिन्याला नव्वद रुपये होतात. ते तिच्या हॉस्टेलसमोरच्या एसटीडी बूथवाल्याला मी देतो.