शेवटचा डबा

आमच्या इमारतीतून कुठलंही वाहन बाहेर पडलं, की ढोके काका फाटकाशी उभे राहून त्याला हिरवा झेंडा दाखवतात. दुधाचा टेम्पो, शाळेची बस, अगदी इस्त्रीवाल्याची स्कूटरसुद्धा. वाहन वळणाआड जाईपर्यंत चालत्या माणसांनी थांबायचं.

"काका, लेक्चर आहे माझं!"

"काहून घाई करतं वं पोरी? शेवटचा डबा जाऊ दे."

"स्कूटरला कुठला डबा?"

"मंग तर लवकरच जाते. थांब."

काका चंद्रपूरकडचे. कोळसाखाणीच्या रेल्वेमार्गावर फाटकवाले होते. खाण संपली, मार्ग बंद झाला, आणि मुलाच्या फ्लॅटवर ते इथे, आमच्या उमेळे गावात आले. जिथे ते उभे राहतात, तिथे पूर्वी आमच्या केळी होत्या.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रकल्पासाठी काकांचा मार्ग निवडला. पुस्तकांत मला एक ओळही सापडली नाही. काकांना मात्र सगळं पाठ. कुठल्या चढावर इंजिन दमायचं, कुठल्या गावच्या बायका रुळांवर सांडलेला कोळसा वेचायच्या.

"तुम्ही अडवायचा नाहीत?"

"दिसलं तर अडवीन ना! नेमकी तेव्हाच मान आखडे माझी."

त्यांचा एक नियम होता. फाटकवाल्याने हिरवा दाखवायचा, शेवटच्या डब्यातल्या गार्डने उलट हिरवा दाखवायचा. म्हणजे सगळं ठीक. त्या गार्डचं नाव काकांना माहीत नाही. फक्त हात ओळखीचा.

शेवटचं पान उरलं. मी विचारलं, "शेवटची गाडी कशी गेली?"

काका झेंडा गुंडाळत राहिले. "मंगळवारी जाणार होती. सोमवारीच गेली. सोमवारी माझी सुट्टी. कोणी सांगितलंच नाही." मग हळूच म्हणाले, "थे नको लिहू."

मी ते लिहिलं नाही. बरोबर केलं की नाही, अजून कळत नाही.

प्रकल्प द्यायला रिक्षाने निघाले, तेव्हा काकांनी नेहमीसारखा झेंडा धरला. एरवी मी नुसता टाटा करायचे. पण माझी फाईल हिरवी होती, दुकानात तोच रंग उरला होता. मी बाहेर वाकले आणि वळण येईपर्यंत ती उंच धरून ठेवली. रिक्षावाला ओरडत होता.

संध्याकाळी परतले, तर काका फाटकाशीच.

"गाडी बराबर गेली," ते म्हणाले. "पाहिली मी."